एका दमात सगळा पत्ता

पोलिसात आल्यावर काठीपेक्षा किस्सेच जास्त सांभाळावे लागतात, हे भरतीच्या वेळी कुणी सांगत नाही. बंदोबस्ताला तासन्‌तास उभं राहायचं. पाय भरून येतात, तोंड मात्र रिकामं. मग कुणीतरी म्हणतं, "ज्योते, तुमच्या अकॅडमीतलं सांग की काहीतरी." झालं! मी सुरू होते आणि हातातला चहा गार होतो.

मी काही हे किस्से जमवायला गेले नव्हते. ते आपोआप साठले. त्यातले निम्मे तर एकाच पोरीचे आहेत. अश्विनी सगळ्यांच्या पुढं पळायची आणि थांबली की तिला श्वास घेता यायचा नाही. पळताना नाही हं, थांबल्यावर! हे नीट लक्षात ठेवा, कारण एवढं समजायला आमच्या अख्ख्या अकॅडमीला बराच काळ लागला.

अकॅडमी म्हणजे काय, तर पणदऱ्याच्या बाहेर कालव्याच्या कडेला पत्र्याचं एक लांबडं शेड, पुढं मुरमाचं मैदान आणि चारी बाजूंनी ऊस. मी वडगाव निंबाळकरची, अश्विनी लासुर्ण्याची. आम्हाला पळवायला होते आबा. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, मिशा अजून ड्युटीवर असल्यासारख्या. पोलीस भरतीला मुलींना आठशे मीटर पळावं लागतं, त्यानंतर गोळाफेक आणि शंभर मीटर. आबा म्हणायचे, "गोळा हातात असतो, पण फेकते छाती. आधी छाती."

छाती तपासायची त्यांची स्वतःची पद्धत होती. पळणं संपलं की सगळ्यांना रांगेत उभं करायचं आणि एकेकीच्या पुढं जाऊन ओरडायचं, "नाव, गाव, तालुका, जिल्हा! एका दमात!" पळून आल्यावर जिला स्वतःचा पत्ता एका दमात सांगता येत नाही, तिची छाती कच्ची. फौजेत म्हणे असंच करतात. खरं खोटं त्या फौजेला माहीत.

*

पहिल्याच दिवशी आठशे मीटरला अश्विनी पहिली आली. दुसरी मी. पण आमच्या दोघींत एवढं अंतर होतं की मला तिची वेणीसुद्धा दिसली नाही. आबा खूश झाले. आमचे सगळ्यांचे पत्ते ऐकून होईपर्यंत त्यांनी तिला कौतुकानं सावलीत बसवलं. मग शेवटी तिला बोलावलं.

"अश्विनी दिनकर ठोंबरे, मुक्काम पोस्ट लासुर्णे, तालुका..." एवढं बोलली आणि पुढं नुसती शिट्टी. छातीतून येणारी बारीक शिट्टी. खांदे वर, मान ताणलेली, ओठ पांढरे.

"तालुका इसरलीस व्हय?" आबा म्हणाले.

तिनं मान हलवली.

"पळताना तर तुला कायबी झालं न्हाय!"

"बसल्यावर... व्हतं..."

आबांनी मिशीवरून हात फिरवला, विचार केला आणि निकाल दिला.

"मग बसू नको."

आम्ही पोरी तोंडावर ओढणी धरून हसलो. हेच वाक्य पुढं बारामतीच्या डॉक्टरीणबाईंच्या तोंडून निघालं, तेव्हा कुणी हसलं नाही. पण तो वेगळा किस्सा.

*

हसण्यासारखं नव्हतंच ते. आदल्या भरतीत अश्विनीचं आठशे मीटर झकास झालं होतं. पळून आली, बसली आणि थोड्या वेळात गोळ्यासाठी नाव पुकारलं तेव्हा छाती आवळून गेलेली. गोळा तिच्या हातातून निघाला तो तिच्याच पायाशी पडला. तिथल्या साहेबांनी विचारलं, "काय गं, जेवून आली नाहीस का?" तिला उत्तर देण्याइतकाही श्वास नव्हता. भरती थोडक्यात हुकली.

घरी आईनं सांगून टाकलं, "अजून एक भरती. न्हाय झालं तर मी बघीन ती सोयरीक."

अश्विनीला वर्दीच पाहिजे होती. मी एकदा विचारलं, का गं एवढा हट्ट? ती म्हणाली, "आमच्याकडं बाया चौकीच्या दारापतोर जात्यात आन माघारी येत्यात. आत सगळे बापय. एखादी बाई बसलेली दिसली तर आत येतील की." एवढंच. मला वर्दीची इस्त्री आवडायची म्हणून मी आले होते. त्या दिवशी मला माझं कारण जरा लाजिरवाणं वाटलं.

*

आता दम्यावर औषध सांगायला आपल्याकडं शिकावं लागत नाही. आडुळसा, आलं-मध, तव्यावर गरम केलेली रुईची पानं, सगळं झालं. एका पोरीच्या मावशीनं सांगितलं, ओव्याची पुरचुंडी हुंगत राहायची. अश्विनीनं एक बांधली. आबांना वाटलं, चांगली गोष्ट आहे, सगळ्यांचीच छाती मोकळी होईल. मग सगळ्यांनी बांधल्या. शेडमध्ये शिरलं की डोळ्यात पाणी यायचं.

रविवारी मेसमध्ये भजी होती. आबांनी एक तोंडात टाकलं, चावलं आणि थांबले. स्वयंपाकाच्या ताई म्हणाल्या, "माझ्याकडं बघू नका. डबा तुमच्या पोरींनी रिकामा केलाय."

आबा उठले. अश्विनीकडं बघितलं. तिची सकाळची शिट्टी अजून पुरती थांबली नव्हती.

"भज्यात ओवा न्हाय आन छातीत हवा न्हाय," ते म्हणाले. "उद्या डॉक्टरकडं."

*

बारामतीच्या डॉक्टरीणबाई छातीच्या. अश्विनीबरोबर आबा आणि मी. बाईंनी छातीला नळी लावली, श्वासाचा जोर मोजायच्या एका नळकांड्यात फुंकायला लावलं. सगळं ठीक! आबा माझ्याकडं बघून डोळे मिचकावायला लागले, की बघ, पोरीचं मनाचंच आहे.

पण बाई खमक्या. म्हणाल्या, "बसून काही सापडणार नाही. हिला पळवून आणा. दवाखान्याच्या मागं मोकळी जागा आहे. मी येते नळकांडं घेऊन."

पळवून आणा, असं आबांना सांगायचं म्हणजे काय? त्यांनी खिशातून शिट्टीच काढली! मागं गाड्या लावायची जागा होती, तिथं अश्विनी चकरा मारायला लागली आणि आबा मध्ये उभे राहून, "कोपर आत! मान वर! टाच टेकू नको!" वरच्या मजल्यावरच्या पेशंटचे नातेवाईक गॅलरीत येऊन उभे राहिले. एक आजोबा हातात सलाईनची बाटली धरूनच आले. कुणाला काही माहीत नव्हतं, तरी सगळे ओरडत होते, "पळ पोरी, पळ!"

ती थांबली. बाईंनी फुंकायला लावलं. आकडा उत्तम. आबा म्हणाले, "बघा! ठणठणीत हाय पोरगी. चला."

"आबा, जरा गप्प बसा," बाई घड्याळाकडं बघत म्हणाल्या.

आबांना गप्प बसा म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. ते खरंच बसले. आम्ही सगळे बाईंसारखेच घड्याळाकडं बघत राहिलो, गॅलरीतले नातेवाईकसुद्धा. आणि थोड्या वेळानं ती बारीक शिट्टी सुरू झाली. बाईंनी पुन्हा फुंकायला लावलं. आकडा धाडकन खाली.

"आली!" बाई म्हणाल्या. एवढा आनंद की पेढेच वाटतील.

आबा मला हळूच म्हणाले, "आपली पोरगी गुदमरतीय आन ह्या बाईला हसू फुटलंय."

पण मग बाईंनी अश्विनीला तोंडानं औषध ओढायचा पंप दिला, तिचा श्वास मोकळा झाला आणि त्यांनी सगळं समजावून सांगितलं. जोरात पळताना आपण तोंडानं भराभर गार, कोरडी हवा ओढतो. काहींच्या श्वासनळ्या त्यानं आखडतात, आणि ते बहुतेक वेळा थांबल्यावर कळतं. चांगल्या चांगल्या खेळाडूंना होतं. पळण्याआधी पाव तास पंप घ्यायचा, अंग हळूहळू तापवायचं, धूर-धूळ टाळायची, थंडीत नाकातोंडावर रुमाल. "आणि पळणं संपलं की एकदम बसायचं नाही. हळूहळू पळत, चालत थांबायचं. तरी त्रास वाढला तर तडक इकडं यायचं. आणखी एक, हे कुणापासून लपवायचं नाही. भरतीलासुद्धा आधी सांगायचं. मी चिठ्ठी देते."

आबा खुर्चीत ताठ झाले. "म्हंजे बसायचं न्हाय?"

"बसायचं नाही."

पणदऱ्यापर्यंत जीपमध्ये आबा नुसते मिशीला पीळ देत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हुकूम काढला. पळणं झालं की मैदानाला एक सावकाश चक्कर, आणि ती सगळ्यांनी मारायची. "ती एकटीच फिरली तर तिला परक्यासारखं वाटंल," म्हणाले. आम्ही कुरकुर केली. मग अशी सवय लागली की चक्कर मारल्याशिवाय पाय थांबेनात.

*

स्थळाचा किस्सा मी स्वतः पाहिलेला आहे, म्हणजे पोहे द्यायला मी होते.

भरतीला अजून अवकाश होता तरी अश्विनीच्या आईनं पाहुणे बोलावले होते. "बघून तर जाऊ देत" असं सांगून. पंप घेणारी पोरगी म्हटल्यावर लोक काय म्हणतील या भीतीनं आईनं पंप चहाच्या बरणीमागं लपवला होता. पाहुणे म्हणजे मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या. आत्या मोठ्या करारी, बसल्या बसल्या घराच्या भिंती मोजणाऱ्या.

पाहुणे ओसरीत टेकले आणि गोठ्यातलं रेडकू सुटलं. अश्विनी साडी खोचून त्याच्यामागं पार कालव्याच्या पुलापर्यंत पळाली, त्याला धरून आणलं, बांधलं, हात धुतले आणि ट्रे घेऊन बाहेर आली. मुलाचे वडील खूश! म्हणाले, "पोरगी चपळ हाय."

मग ती बसली. म्हणजे बसवलीच. मला पुढचं दिसत होतं.

शिट्टी सुरू झाली. आई मोठमोठ्यानं बोलायला लागली, "यंदा पाऊस बरा झाला, ऊस बी बरा हाय, म्हशी बी बऱ्या हायत!" शिट्टी काही दबेना. शेवटी अश्विनी उठली, सगळ्यांच्या देखत बरणीमागचा पंप काढला आणि तोंडाला लावला. आईनं डोळेच मिटले.

तेवढ्यात आत्या फिस्कारल्या, "आगं, आधी हलव की! तशीच काय वढतीस?"

सगळ्यांच्या माना आत्यांकडं वळल्या. मुलगा म्हणाला, "आत्या, तुला काय ठावं?"

आत्यांनी बशी उचलली. "पोहे चांगले झाल्यात," म्हणाल्या.

स्थळ काही जमलं नाही. पण त्या दिवसापासून आईनं पंप बरणीमागून काढून देव्हाऱ्याशेजारी ठेवला, आणि घेण्याआधी तो हलवला की नाही हे ती स्वतः बघायची.

*

भरती जवळ आली आणि थंडीही आली. साखर कारखाने सुरू होते. मैदानाला लागून तात्या म्हणून एका शेतकऱ्याचा ऊस होता, त्याची तोड झाली. तोडीनंतर रानात वाळका पाला पसरलेला राहतो, तो पाचट. संध्याकाळी त्याला काडी लावायची ही तात्यांची वर्षानुवर्षांची रीत. थंडीत तो धूर वर जात नाही, सकाळपर्यंत कालव्यावर पसरून राहतो. अश्विनीला त्या धुरात पळणं सोडा, झोपणंसुद्धा अवघड झालं असतं.

आम्ही दोघी तात्यांकडं गेलो. ते बांधावर बसून काडेपेटी हातात खेळवत होते.

"तात्या, भरती हुईस्तवर पेटवू नका," अश्विनी म्हणाली. "मला धूर सोसत न्हाय."

"माझं रान, माझी काडी," तात्या म्हणाले. "बुडख्यातनं फुटणाऱ्या खोडव्याला पाणी द्यायचंय मला. तुझ्या भरतीसाठी ऊस थांबतोय व्हय?"

मी तर परत फिरले होते. अश्विनी हलली नाही. "पेटवायचं कशाला पर? एकाआड एक सरीत वढून दाबायचं. आमच्याकडं दाबत्यात. वल टिकती, खत बी व्हतं."

"मला शिकवतीस? दाबायला माणसं कुठं हायत?"

अश्विनीनं आमच्या शेडकडं बोट केलं.

दुसऱ्या दिवशी आबांनी व्यायाम रद्द केला. म्हणजे मैदानावरचा रद्द केला. "खाली वाका, उचला, वढा, टाका! पाठ सरळ!" अख्खी बॅच तात्यांच्या रानात. पाचटाच्या पात्यांनी हात कापून निघाले. अश्विनीला आबांनी पाणी वाटायचं काम दिलं. तिनं कळशी तात्यांच्या हातात दिली, पंप घेतला, तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि सरीत उतरली. "माझ्यासाठी चाललंय आन मी पाणी वाटू?" म्हणाली.

तात्या आधी बांधावर बसून गालात हसत होते. मग त्यांना राहवेना. "ये लाल टीशर्ट, नीट दाब की! मधी मोकळं ऱ्हायलं बघ!" आबा म्हणाले, "पोरी माझ्या हायत, मी सांगीन." तात्या म्हणाले, "रान माझं हाय." दोघांची अशी जुंपली की पाचट दाबून झालं तरी भांडण संपलं नव्हतं.

आणि त्यानंतरच्या सकाळी आम्ही उठून बघतो तर शेडच्या दारात आजूबाजूचे शेतकरी उभे. त्यांच्यापुढं तात्या. त्यांनी घसा साफ केला.

"आबा, ह्यांच्या रानाचा व्यायाम कवा घ्यायचा?"

*

आता शेवटचा. हा सांगितला की चहावाला पैसे घ्यायचं विसरतो.

भरतीचा दिवस. पुण्याचं मैदान, पहाटेचा गारठा. आबांना आत सोडणार नव्हते, ते गेटबाहेर कठड्याला धरून उभे. अश्विनीनं गेटवरच डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी दाखवली, पंप दाखवला. तिथल्या मॅडमनी वाचलं, वरच्या डॉक्टरांना दाखवून आणलं आणि म्हणाल्या, "जा. जवळच ठेव."

आमची रांग लागली. अश्विनीनं पंप घेतला, आणि नेमकं पुढच्या गटाचं काहीतरी अडलं. थांबा म्हणाले. सगळ्या खाली बसल्या. अश्विनी जागच्या जागी पळत राहिली.

"शांत बस गं," एक मॅडम म्हणाल्या.

"मला बसायचं न्हाय, मॅडम."

मॅडमनी तिच्याकडं अशी नजर टाकली, की मला वाटलं ही आता इथूनच घरी.

शेवटी आमचा गट उभा राहिला. त्यात आम्ही अकॅडमीच्या काही जणी, बाकीच्या कुठल्या कुठल्या. शिट्टी झाली. अश्विनी सुटली ती सुटलीच. मी मागून तिची वेणी बघत पळत होते. या वेळी दिसत होती, म्हणजे मीही बरी पळत होते! तिनं रेषा ओलांडली. मग मी ओलांडली. माझ्या मनात मात्र एकच होतं. पळण्याचं काय, ते गेल्या भरतीतही झालं होतं. खरं भरतीचं मैदान आता सुरू होणार होतं, थोड्या वेळानं, गोळा हातात आल्यावर.

अश्विनी थांबली नाही. वेग उतरवला, हात सैल सोडले आणि सावकाश पुढं निघाली. तिला बघून आम्हीही निघालो. अंगवळणीच पडलं होतं, विचार कोण करतंय?

पण मागून येणाऱ्या परगावच्या पोरींनी काय पाहिलं? रेषा ओलांडलेल्या पोरी अजून पळतायत! त्यांना वाटलं, अजून एक चक्कर बाकी आहे. एक रडवेली होऊन म्हणाली, "अगं आई गं, अजून हाय!" आणि तीही आमच्यामागं. मग दुसरी. मग तिसरी. बघता बघता अख्खा गट मैदानावर दुसऱ्यांदा निघाला. रेषेवरचे साहेब हातात घड्याळ घेऊन आधी बघतच राहिले, मग शिट्टी फुंकत आमच्यामागं धावायला लागले. गेटवरून आबांचा आवाज, "बसू नका! कुणीबी बसू नका!"

साहेबांनी अर्ध्या चकरेवर अश्विनीला गाठलं. स्वतःच धापा टाकत होते.

"ए पोरी... झालं तुझं! केव्हाच झालं... वेळेत झालं! आता... कुठं... निघालीस?"

"ते तुमचं झालं साहेब," अश्विनी चालता चालता म्हणाली. "हे माझं हाय."

साहेब भडकले. "नाव... काय तुझं?"

मी मागंच होते. माझाच श्वास थांबला. गेटवर आबांनी कठडा घट्ट धरला.

"अश्विनी दिनकर ठोंबरे, मुक्काम पोस्ट लासुर्णे, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे. गोळा कुठं फेकायचाय, साहेब?"